ऑक्टोपसच्या पानावरचा डाग

मेघनाचं पत्र जानेवारीच्या नऊ तारखेला आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही.

पत्रांना उत्तर न देणारा माणूस मी नाही. कोठी भागातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं काढली. तिथे आलेल्या प्रत्येक कागदाला, मग ती पुस्तक हरवल्याची कबुली असो की वाळवीच्या औषधाचं पत्रक, मी त्याच आठवड्यात उत्तर पाठवत असे. बोलण्यापेक्षा लिहिणं मला कायम सोपं गेलं. तरी हे पत्र मी वाचलं, घडी घातली आणि शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवून दिलं. तिथे माझी बायको सरोज कधी हात घालत नाही, असा माझा समज होता.

आंतर्देशीय पत्र होतं, पेन्सिलीने लिहिलेलं. मेघना नऊ वर्षांची आहे. ती आणि तिचे आईवडील, ज्योती आणि पराग, नारायणगुड्यात आमच्या खालच्या मजल्यावर सहा वर्षं राहिले आणि गेल्या वर्षी मलकपेठला गेले. लहानपणच्या दुखण्यात मेघनाच्या दोन्ही कानांच्या पडद्यांना भोकं पडलेली. फोनवर तिला नीट ऐकू येत नाही, म्हणून आम्ही दोघांनी एकमेकांना पत्रं लिहायचं ठरवलं होतं. एवढ्याशा अंतरावरून पत्रं येतात-जातात म्हणून आमचा पोस्टमन हसतो. तिची शाळा इंग्रजी, खेळणं दक्खनीत नाहीतर तेलुगूत. मराठी अक्षरं तिला मी शिकवली. तिच्या वेलांट्या इथे मी जागेवर आणल्या आहेत, बाकी सगळं तिचंच आहे.

'आजोबा, नमस्कार. वीस फेब्रुवारीला डाव्या कानाचं ऑपरेशन आहे. तुम्ही म्हणालात कळणारपण नाही. मला चार वेळा कळलं. डॉक्टर म्हणतात ते मलम मला लागू होत नाही. सगळ्या मुलांना होतं. माझ्या हातात काही प्रॉब्लेम आहे का? मम्मी सांगत नाही. तुम्ही पुस्तकं वाचता. खरं सांगा. मेघना.'

तिच्या हातात काही बिघाड नव्हता. ही गोष्ट त्या दिवशी जगात फक्त मला माहीत होती.

मागच्या जुलैत तिच्या उजव्या कानाचं ऑपरेशन झालं. पराग कामानिमित्त विशाखापट्टणमला अडकला होता आणि ज्योतीने मला बरोबर यायची विनंती केली. म्हणाली, काका, ती तुमच्याजवळ शांत बसते. ते खरं होतं, पण त्याचं कारण वेगळं होतं. माझा आवाज इतका बारीक आहे की तिला माझं काहीच ऐकू येत नाही. म्हणून आम्ही पुस्तक मध्ये ठेवतो, ती ओळीखाली बोट फिरवत वाचते आणि अडली की माझ्याकडे बघते. सुया आणि रक्त मला बघवत नाहीत हे मी ज्योतीला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

मलकपेठला रेसकोर्सच्या मागच्या बाजूला एक लहान दवाखाना आहे. तिथे मुलांच्या वॉर्डात पद्मावती नावाच्या सिस्टर आहेत. पन्नाशीच्या, किडकिडीत, तेलुगू वळणाची हिंदी बोलणाऱ्या. ऑपरेशनच्या आधी मुलाच्या हाताच्या शिरेत प्लास्टिकची एक बारीक नळी बसवतात. सलाइन, भुलीचं औषध, सगळं तिच्यातून जातं. ती आत सरकवायला सुई लागते आणि मुलं ऑपरेशनला भीत नाहीत इतकी त्या सुईला भितात. यावर पद्मावती सिस्टरनी स्वतःची एक पद्धत बसवली होती. ज्या मुलाला नळी लावायची, त्याच्या दोन्ही हातांच्या पाठीवर तासभर आधी बधिर करणाऱ्या मलमाचा जाड गोळा ठेवायचा. चोळायचा नाही. वरून पारदर्शक चिकटपट्टी लावायची आणि तिच्यावर पेनाने वेळ लिहायची. सुईची वेळ आली की पट्टी काढून हात गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचा, म्हणजे शिरा वर येतात. मूल आईच्या मांडीवरच बसलेलं असायचं.

मेघनाच्या पट्ट्यांवर त्यांनी आठ वाजून दहा मिनिटं लिहिली आणि मला बजावलं, "सार, एक घंटा हात नक्को लगाओ. फिर बच्ची कू मालूमच नै होता."

ज्योती कागदांवर सह्या करायला खाली गेली. मेघनाने मला विचारलं की सिस्टर काय म्हणाल्या. मी तिच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी वाकून म्हणालो, "सुई टोचलेली कळणारही नाही."

"प्रॉमिस?"

मी हो म्हणालो.

मी घरून प्राण्यांचं एक जुनं सचित्र पुस्तक नेलं होतं. हल्ली असं छापत नाहीत. चित्रांवर पातळ कागद, मजकूर दोन रकान्यांत. सहसा मी ते घराबाहेर काढत नाही. ऑक्टोपसचं पान आलं. त्याला तीन हृदयं असतात हे वाचून मेघना थांबली आणि तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली की मग त्याला तिप्पट भीती वाटत असेल. पलीकडच्या खाटेवरची बाई हसली. मेघनाने ऑक्टोपसचे हात मोजायला पंजा चित्रावर पालथा-उलथा फिरवला, आणि उजव्या पट्टीच्या कडेतून मलम बाहेर आलं. ऑक्टोपसच्या दोन हातांच्या मधोमध पांढरा ओला डाग पडला.

ग्रंथालयात पहिल्या दिवसापासून मी एक नियम पाळला आणि पाळायला लावला. पुस्तकाला हात लावण्याआधी हात स्वच्छ. कँटीनमधून भजी खाऊन येणाऱ्या मुलांना मी दारातच रुमाल दाखवत असे. त्यावरून माझ्या पाठीमागे काय बोलतात ते मला माहीत होतं. तर त्या डागाकडे बघितल्यावर माझा हात खिशात गेला. मी पान टिपलं. मग मेघनाच्या हातावरची पट्टी अर्धी सोडवली, खालचं मलम रुमालाने पुसून काढलं आणि पट्टी परत नीट चिकटवली. डावा हात ठीक होता. तिथून काही गळत नव्हतं. तरी मी तोही पुसला. हे मी का केलं ते आजही मला सांगता येत नाही. मलम लावून दहा मिनिटंही झाली नव्हती. पट्ट्यांवर आठ-दहाची वेळ तशीच होती.

मेघनाने पुसताना बघितलं. काही विचारलं नाही. मी करतो ते बरोबरच असणार असं तिला वाटलं असावं.

सव्वानऊला आम्हाला तयारीच्या खोलीत नेलं. मेघना ज्योतीच्या मांडीवर बसली. पद्मावती सिस्टरनी पट्टी काढली, शेक दिला आणि मेघनाला विचारलं की बघायचंय की नाही. मेघना म्हणाली, बघायचंय, कारण कळणारच नाहीये. सुई आत गेली आणि तिचा हात झटक्याने मागे आला. शीर फुटली आणि हात निळा पडला. ती रडली नाही. सिस्टरकडे किंवा आईकडेही तिने बघितलं नाही. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "आजोबा, कळतंय."

दुसऱ्या वेळी ती रडली. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी एका आयाला बोलावून तिचा दंड दाबून धरायला लावला. चौथ्या वेळी डाव्या हाताला नळी बसली, तोवर ज्योतीही रडत होती. मी भिंतीला टेकून उभा होतो. पद्मावती सिस्टर पुन्हा पुन्हा पट्टीवरची वेळ बघत होत्या. डॉक्टर म्हणाले की काही मुलांना हे मलम लागू होत नाही. त्यांनी तिच्या फाइलवर लाल शाईने तसं लिहिलं.

माझ्या रुमालाचा याच्याशी काही संबंध आहे हे मला तिसऱ्या वेळी कळलं. त्याआधी खरोखर कळलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगतो. पण कळल्यावरही मी गप्प राहिलो. खोलीत माणसं फार होती आणि माणसं असली की मला बोलता येत नाही. मग तिला आत नेलं. ऑपरेशन चांगलं झालं, सगळे आनंदात होते. मग आठवडा गेला. मग बोलण्याची वेळ निघून गेली असं मला वाटू लागलं.

त्या दिवसानंतर मेघनाचं पत्र आलं नव्हतं. सहा महिन्यांनी आलं ते हे.

मी उत्तराचे मसुदे केले. पहिल्यात लिहिलं की शरीराचं काही सांगता येत नाही. दुसऱ्यात मलमाच्या गुणधर्माची माहिती लिहिली, दीड पान. तिसऱ्यात तिला धीर दिला. तिन्ही फाडले. धीर देणारा मसुदा सगळ्यांत वाईट होता.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ज्योती सरोजकडे हळदीकुंकवाला आली. मेघना आली नव्हती. सरोजने विचारल्यावर ज्योतीने सांगितलं की ती हल्ली कुठे येत नाही. घरातही हातांवर मोजे घालून बसते, पायांतले. शाळेत बाई काढायला लावतात तर मुठी आवळून बसते. दवाखान्यात तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी फाइल बघून सांगितलं की हिला मलमाचा उपयोग नाही, उगाच तासभर घालवायचा नाही. तोंडावर मास्क लावून आधी झोपवू म्हटलं, तर मेघनाने मास्क फेकून दिला. तेव्हा या वेळी दोघांनी घट्ट धरायचं आणि एकदाच काय ते उरकायचं. पराग येणार होता धरायला.

"काका, तिला वाटतं तिच्यातच काहीतरी फॉल्ट आहे," ज्योती म्हणाली. "कान खराब, आता हातपण खराब. मी काय सांगू तिला, मला तरी कुठे माहितीय. रोज विचारते पोस्टमन आला का."

मी तिळगुळाची वाटी हातात धरून बसलो होतो. तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही तिघंच होतो, दोघी माझ्या ओळखीच्या. मी म्हणालो की पत्र लिहितोच आहे.

ज्योती गेल्यावर सरोजने वाण आवरता आवरता विचारलं की महिना होत आला, एका पोरीच्या पत्राला काय एवढं लिहायचं आहे. मी म्हणालो, योग्य शब्द सापडत नाहीत.

"म्हणून शब्दकोशात ठेवलंय वाटतं," ती म्हणाली.

मग मी तिला सगळं सांगितलं. सुरुवात पुस्तकापासून केली, कारण मलमापासून करवेना. शेवटी तिने स्वतःच्या बोटांकडे बघितलं. हळदीने पिवळी झाली होती.

"चाळीस वर्षं मी असे हात घेऊन तुमच्या कपाटाजवळ गेले नाही," ती म्हणाली. "मी मोठी होते, मला कळत होतं तुमचं. त्या पोरीला काय कळणार?"

मला वाटलं होतं ती म्हणेल की झालं ते झालं. ती तसं म्हणाली नाही.

पुढे मी जे केलं ते मूर्खपणाचं होतं हे मला मान्य आहे. मला एक शंका सोडत नव्हती. शंका कसली, आशाच होती. डॉक्टर म्हणाले तेच खरं असेल तर? मेघनाला ते मलम खरंच लागू होत नसेल आणि मी पुसलं नसतं तरी तसंच झालं असतं तर? मग मी कबुली कशाची द्यायची? पुस्तकांत वाचलं तर दोन्ही बाजूंनी सापडलं. पुस्तकांत नेहमी तसंच सापडतं.

मला मधुमेह आहे. दर तीन महिन्यांनी कोठीत, पुस्तकांच्या दुकानांच्या मागे एक लॅब आहे, तिथे रक्त द्यावं लागतं. एकदा उपाशीपोटी आणि एकदा खाल्ल्यानंतर दोन तासांनी. म्हणजे एका सकाळी दोन सुया. माझी तपासणी फेब्रुवारीत होती. मी औषधाच्या दुकानात जाऊन त्याच मलमाची ट्यूब मागितली. कोणाला लावायचं, असं दुकानदाराने विचारलं. मी म्हणालो, नातीला. मला नात नाही.

पाच फेब्रुवारीला सकाळी सहा वाजता मी डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला मलमाचा गोळा ठेवला आणि ब्रेडच्या पिशवीचा तुकडा कापून वर चिकटवला. दहा मिनिटांनी रुमालाने पुसून काढला. रुमाल तोच घेतला होता. मग रिक्षाने कोठीला गेलो आणि सात वाजून पाच मिनिटांनी डावा हात पुढे केला. लॅबमध्ये एक तरुण मुलगा असतो, मला चाचा म्हणतो. सुई नेहमीसारखीच टोचली, किंचितही कमी नाही. माझ्या तोंडून आवाज निघाला तर तो म्हणाला की चाचा, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा ओरडलात.

समोरच्या हॉटेलात इडली खाल्ली. सव्वाआठला बाही वर करून उजव्या कोपराला मलम लावलं, पिशवीचा तुकडा चिकटवला आणि बाही खाली केली. पुढचा एक तास लॅबच्या बाकावर बसून काढला. हात थंड लागला, मग जडसर, मग त्या जागी माझा हातच नाही असं वाटू लागलं. या तासात मी मेघनाच्या बाजूने विचार करत होतो असं म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे मी मनातून म्हणत होतो की दुखू दे. दुखलं तर मी सुटतो.

सव्वानऊला बाहीच्या आत हात घालून मलम पुसलं आणि खुर्चीवर बसलो. नेहमीप्रमाणे तोंड फिरवून डोळे मिटले आणि वाट बघत राहिलो. बराच वेळ काही होईना. शेवटी मी डोळे न उघडताच विचारलं, "अभी लगाये नै क्या?"

"हो गया चाचा," तो म्हणाला. "कबका हो गया. कॉटन दबाके पकड़ो."

कळलंसुद्धा नव्हतं. मी मेघनाला दिलेलं वचन खरं होतं आणि ते खोटं पाडलं होतं मीच, माझ्या रुमालाने. कापूस दाबून मी तिथेच बसून राहिलो. मागच्या माणसाने खुर्ची मागितली तेव्हा उठलो.

घरी न जाता मी तसाच मलकपेठची बस पकडली. दोनदा उतरावंसं वाटलं. दवाखान्याच्या फाटकाशी मी नारळपाण्याच्या गाडीजवळ इतका वेळ उभा राहिलो की नारळवाल्याने न मागताच नारळ सोलला. पद्मावती सिस्टर वॉर्डाच्या टोकाला डबा उघडून बसल्या होत्या. त्यांना मी आठवत होतो. बच्ची कैसी है, म्हणून विचारलं. मी उभ्यानेच सांगितलं. वाक्यं बसमध्ये पाठ केली होती, तरी उलटसुलट झाली. रुमाल आधी आला आणि ऑक्टोपस नंतर.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. त्या रागावतील असं वाटत होतं. त्या म्हणाल्या, "सात महीने हो गये, सार."

नंतर त्यांनी जे सांगितलं त्यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मेघनाच्या पट्टीखाली मलम कमी दिसलं तेव्हा त्यांना वाटलं होतं की कातडीत शोषलं गेलं. मग त्यांनी ट्यूबवरची तारीख बघितली, दुकानातून नवीन ट्यूबा मागवल्या, आपण वेळ चुकीची लिहिली का म्हणून स्वतःचं घड्याळ तपासलं. पण डॉक्टरांनी सगळ्यांच्या देखत म्हटलं होतं की या तासाभराच्या नाटकाने ऑपरेशनं लांबतात आणि शेवटी धरावंच लागतं. त्या दिवसापासून वॉर्डात मलम फक्त अगदी रडव्या मुलांसाठी उरलं होतं. बाकीच्यांना सरळ धरत होते.

मी फक्त मेघनाचा विचार करत होतो. बाकीची मुलं माझ्या डोक्यात कधी आलीच नव्हती. पलीकडे एका खाटेवर एक चिमुरडा खेळण्यातली गाडी चादरीवर फिरवत बसला होता. त्याचं ऑपरेशन झालं होतं की व्हायचं होतं ते मी विचारलं नाही.

मी माफी मागितली. त्यांनी टेबलाच्या खणातून एक कोरा कागद काढून माझ्यासमोर ठेवला आणि सांगितलं की हे सगळं इंग्रजीत लिहून सही करा, डॉक्टरांना तोंडी सांगून पटणार नाही. मी लिहिलं. किती वाजता लावलं, किती वाजता पुसलं, दोन्ही हातांचं. त्यांनी दोनदा वाचलं आणि मेघनाच्या फाइलवरचा लाल शेरा डॉक्टरांकडून खोडून घ्यायची जबाबदारी घेतली. वीस तारखेला पूर्ण तासभर मलम ठेवायचं आणि कोणी तिला धरायचं नाही, हेही बघते म्हणाल्या.

मग मी विचारलं की मेघनाला आता तुम्ही समजावाल का. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"मेरी बात नै मानेगी. उस दिन मैं सुई पकड़ी थी. आप बोलो, सार. और नै दुखता मत बोलो इस बार. जो होता, वैसाच बोलो."

मला सोडायला पायऱ्यांपर्यंत त्या आल्या आणि तिथे, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल बोलत असल्यासारखं, त्यांनी सांगितलं की आता वॉर्डात पट्टीवर बँडेजचा एक वेढा देत जाऊ, म्हणजे कोणाला सोडवता येणार नाही.

त्या दुपारी मी पत्र लिहिलं. एकाच बैठकीत झालं असं नाही. मला 'अनवधानाने' हा शब्द फार वापरावासा वाटत होता आणि तो तीनदा खोडावा लागला. सरोजने चहा आणून ठेवला आणि कागदाकडे न बघता गेली. शेवटी उरलं ते असं:

'प्रिय मेघना, तुझ्या हातात काही प्रॉब्लेम नाही. मलम तुला लागू होतं. त्या दिवशी पुस्तकाला डाग पडला म्हणून मी तुझ्या दोन्ही हातांवरचं मलम रुमालाने पुसलं. तू बघितलंस, तुला आठवत असेल. ते तासभर राहायला हवं होतं. म्हणून तुला चार वेळा दुखलं. चूक माझी होती आणि मी ती कोणालाच सांगितली नाही, तू विचारल्यावरही महिनाभर नाही. मला तुझी भीती वाटत होती.

आता मी ते मलम स्वतःच्या हातावर लावून बघितलं आहे. जे होतं ते सांगतो. आधी थंड लागतं. मग हात जड होतो. सुईच्या वेळी मला टोचलेलं कळलं नाही. तुला कदाचित थोडं दाबल्यासारखं वाटेल, कदाचित थोडं टोचेलही. अजिबात नाही असं मी या वेळी म्हणत नाही. नळी बसल्यावर हाताला चिकटपट्टी ओढल्यासारखी वाटेल, तेही सांगून ठेवतो. कोणत्या हाताला लावायची ते तू ठरवायचंस, सिस्टरना मी विचारलं आहे. बघायचं की नाही तेही तू ठरव. पप्पा तुला धरणार नाहीत. सिस्टरांची काही चूक नव्हती, त्यांच्यावर रागावू नकोस. माझ्यावर रागावलीस तर चालेल.

मी आलेलं तुला चालेल का ते कळव. नको असेल तर तसंच लिही, मला वाईट वाटणार नाही, असं लिहिणार होतो, पण वाटेल. तरी खरं तेच लिही. आलो तर ते पुस्तक आणीन. ते मी तुझ्या नावावर केलं आहे. मलम सांडलं तर सांडू दे. ऑक्टोपसच्या पानावरचा डाग गेलेला नाही, तिथे कागद पारदर्शक झाला आहे आणि मागच्या पानावरचं कासव दिसतं. तुझा, आजोबा.'

ज्योतीला वेगळी चिठ्ठी लिहिली आणि त्याच पाकिटात घातली. तिला फोन करता आला असता. पण मेघनाच्या आधी तिला कळू नये असं वाटलं, आणि फोनवर मी पुन्हा गप्प बसलो असतो ही भीती होतीच.

नारायणगुड्याच्या पोस्टात संध्याकाळचं टपाल निघायला अर्धा तास होता. पाकिटावरचा पत्ता मी तीनदा वाचला. मलकपेठचा पिनकोड बरोबर आहे का म्हणून खिडकीवरच्या बाईंना विचारलं आणि त्या बरोबर आहे म्हणाल्यावरही माझ्या पत्त्यांच्या वहीत पडताळून बघितला. पेटीच्या तोंडात पाकीट अर्धं सरकवल्यावर मनात आलं की शेवटचं वाक्य फार हलकं झालं आहे. कासवाचं तिथे काय काम? नऊ वर्षांच्या मुलीला चार वेळा दुखवलं आणि मी तिला कासव सांगतो आहे. पाकीट परत काढून ते वाक्य खोडावं असं फार वाटलं. मागे एक मुलगी टाकायचं पाकीट हातात घेऊन उभी होती. ती म्हणाली, "अंकल, डालो ना."

मी पाकीट आत सोडलं.